देणारे आणि करणारे : एकमेकांशी खरं बोलायचं कसं?

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

 

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे. पैसा देणाऱ्या संस्था आणि गावात काम करणाऱ्या संस्था एकमेकांशी कसं बोलतात, एकत्र कसं काम करतात, आणि त्यातून दोघंही काही शिकतात का, असा तो विषय. पण यवतमाळ जिल्ह्यात तो कोरडा राहत नाही. 19 मार्च 1986 या दिवशी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह आयुष्य संपवलं. राज्यात मोठी चर्चा झालेली ही पहिली शेतकरी आत्महत्या मानली जाते. त्यानंतर या जिल्ह्यात सरकारी पॅकेजेस आली, मिशन आलं, मोठे ट्रस्ट आले, कंपन्यांचा सीएसआर आला. पैसा आलाच नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. आधीच्या फेरीत जे चुकलं, ते पुढच्या फेरीतल्या माणसाला कुणी सांगितलं का?

आम्ही म्हणजे चार-पाच जणांचा गट. गेली काही वर्षं आम्ही जिल्ह्यातल्या लहान संस्थांचे प्रस्ताव आणि अहवाल लिहून देतो, कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण घेतो, आणि कधीकधी पैसा देणाऱ्यांच्या बाजूनेही गावात जाऊन काम बघून येतो. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहोत. त्यामुळे सुरुवात आमच्याच चुकीपासून करू.

पंचवीस शिलाई मशीन

एका प्रकल्पात शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या पंचवीस महिलांना शिलाई मशीन द्यायची होती. संस्था लहान होती, प्रामाणिक होती. पैसा देणारेही चांगल्या मनाचे होते. प्रशिक्षण झालं, मशीन वाटली, फोटो काढले. दोन महिन्यांनी आम्ही गावात गेलो, तेव्हा एका ताईंनी मशीनवरचं कापड बाजूला केलं आणि म्हणाल्या, "मशीन चांगली हाय साहेब. पन कपडे शिवाले आनते कोन?" नव्वद घरांच्या गावात तीन मशीन दिल्या होत्या. लोक तयार कपडे घेतात. ब्लाउजची शिलाई सणासुदीला मिळते, ती दिवाळीला. दिवाळी तर कापूस वेचणीची वेळ. तेव्हा त्या ताई रोजंदारीला जात, कारण त्यात हातात रोख पैसे मिळतात.

आता ऐका आम्ही काय केलं. अहवाल आम्हीच लिहिला होता. त्यात लिहिलं, "25 महिलांना स्वयंरोजगाराची साधनं उपलब्ध." वाक्य खोटं नव्हतं. साधनं उपलब्ध झाली होती. पुढचा हप्ता महिन्याभरात यायचा होता, कार्यकर्त्यांचा दोन महिन्यांचा पगार थकला होता, आणि संस्थेचे अध्यक्ष काका म्हणाले, "एवढा हप्ता येऊ द्या, मग सांगू." मग सांगायचं राहून गेलं. पुढच्या वर्षी त्याच देणगीदारांनी खूश होऊन शेजारच्या तालुक्यात आणखी मशीन मंजूर केल्या.

दोन-अडीच वर्षांनी सगळं उघडं झालं. देणगीदारांचे अधिकारी म्हणाले, "तेव्हाच सांगितलं असतं तर आम्ही ते पैसे दुसऱ्या कामाला वळवले असते." संस्थेचे लोक म्हणाले, "तुम्ही कधी विचारलंत?" आम्हाला वाटतं, दोघंही खरं बोलत होते. मधल्या काळात चूक झाकणारे आम्हीसुद्धा होतो. आजचं सगळं बोलणं या एका प्रसंगातून निघालं आहे, असं समजा.

'पण' कुठे गळतो?

आपण एक छोटा प्रवास बघू. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागात कोलाम समाजाची पोडं आहेत. पोड म्हणजे वस्ती. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींना विशेष दुर्बल आदिवासी गट मानलं जातं, त्यातली ही एक. घरात कोलामी बोलली जाते. ती मराठीपेक्षा वेगळी, द्राविडी कुळातली भाषा आहे.

समजा, अशा पोडावर आरोग्याची बैठक झाली. एक आजी कोलामीत काहीतरी सांगते. शेजारची मुलगी ते वऱ्हाडी मराठीत कार्यकर्तीला सांगते. कार्यकर्ती डायरीत लिहिते, "12 बाया आल्या, पण पाच जणी मधूनच गेल्या, पाणी भरायची वेळ होती." महिन्याच्या अहवालात सुपरवायझर लिहितो, "12 महिला उपस्थित." तालुक्याच्या ठिकाणी कुणीतरी त्याचं इंग्रजी करतो. मुंबईच्या ऑफिसात तिमाही तक्ता बनतो, तिथे लिहिलं जातं, "सहभाग समाधानकारक." संचालक मंडळासमोर शेवटी एक हिरवा ठिपका जातो.

या सगळ्या पायऱ्यांवर कुणीही खोटं बोललेलं नाही. फक्त एक शब्द गळाला. तो शब्द म्हणजे 'पण'. आणि शिकण्यासारखं जे होतं, ते सगळं त्या 'पण'च्या पुढे होतं. बैठकीची वेळ चुकते आहे, पाणी लांबून आणावं लागतं, म्हणजे या पोडावर आरोग्याआधी पाण्याचं बघायला हवं. हे सगळं त्या एका ओळीत होतं.

'पण' का गळतो? तीन कारणं आम्हाला दिसतात. पहिलं, तक्त्यात त्याला जागाच नसते. रकाना आकड्याचा असतो. दुसरं, भीती. हप्ता अडकेल, पुढचा प्रस्ताव नाकारला जाईल, ही भीती वरपासून खालपर्यंत उतरते. कार्यकर्त्याला सुपरवायझरची, संस्थेला देणगीदाराची, आणि देणगीदाराच्या अधिकाऱ्यालाही त्याच्या मंडळाची. आम्ही शहरात जाऊन बसलो तेव्हा हे कळलं की तिकडचा माणूसही कुणाला तरी घाबरतो. तिसरं कारण भाषा. ज्याने काम केलं तो अहवाल लिहीत नाही, आणि जो लिहितो त्याने काम बघितलेलं नसतं.

दारात आलेली गाय

हे फक्त लहान संस्थांचं दुखणं आहे, असं समजू नका. जुलै 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. त्याआधी डिसेंबर 2005 मध्ये राज्य सरकारचं 1,075 कोटींचं पॅकेज होतं. शेतीला जोडधंदा हवा म्हणून दुभती जनावरं देण्याची योजना त्या काळात राबवली गेली. विचार म्हणून वाईट नाही. पश्चिम महाराष्ट्रात दुधाने घरं उभी केली आहेत.

पण जास्त दूध देणारी संकरित गाय जास्त खाते. तिला ढेप लागते, हिरवा चारा लागतो, भरपूर पाणी लागतं, सावली लागते. जनावरांचा डॉक्टर जवळ लागतो आणि दूध रोज उचलणारी डेअरी लागते. कोरडवाहू कापसाच्या गावात उन्हाळ्यात कुटारसुद्धा जपून वापरावं लागतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या वेळी या गायींवर सविस्तर लिहिलं. ज्या घरात माणसांच्या खाण्याची ओढाताण, त्या घरात गायीचा खर्च वाढला. कुणी गाय शेजाऱ्याला सांभाळायला दिली, कुणी परत घ्या म्हणून विनवण्या केल्या.

यातली शिकवण फक्त गायींपुरती नाही. गाय देणाऱ्याने एकच प्रश्न आधी विचारायला हवा होता, "ही गाय तुमच्या दारात आली, तर पहिल्या उन्हाळ्यात काय होईल?" गावातल्या कुठल्याही बाईने पाच मिनिटांत उत्तर दिलं असतं. म्हणजे माहिती गावात होती, पैसा मुंबई-दिल्लीत होता, आणि दोघांना जोडणारं बोलणं नव्हतं. वर्षांनंतर आमच्या शिलाई मशीन त्याच वाटेने गेल्या. गायीची गोष्ट छापून आलेली होती. आम्ही वाचलीही होती. तरी आपलं काम त्याच जातीचं आहे, हे आमच्या लक्षात आलं नाही. वाचणं आणि शिकणं यात एवढा फरक असतो.

मार्च एंडिंग आणि मृग नक्षत्र

आता थोडं पैशाच्या वेळापत्रकाबद्दल, कारण भांडणं जास्त इथेच होतात.

शेतकऱ्याचं वर्ष मृगाला सुरू होतं. मे महिन्यात बियाणं, खत, मशागत. जूनमध्ये लागवड. मग डवरणी, निंदण, फवारणी. दसरा-दिवाळीपासून वेचणी. नाला खोलीकरण, बांधबंदिस्ती, शेततळं ही कामं पीक निघाल्यावर, म्हणजे साधारण जानेवारी ते पाऊस पडेपर्यंत करता येतात. पैसा देणाऱ्याचं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं. बजेट, मंजुरी, करार, पहिला हप्ता असं करता करता पावसाळा उजाडतो. शेतात चिखल, हातात पैसा. आणि ज्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काम जोरात चालायला हवं, तेव्हा "31 मार्चच्या आत खर्च दाखवा" असा फोन येतो. मग काय होतं? खर्च लवकर होईल असं काम निवडलं जातं. वस्तूवाटप, मेळावा, बॅनर.

आता इथे कायदा समजून घेणं फायद्याचं आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे, 1 एप्रिल 2014 पासून, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1,000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. लोकांना वाटतं, मार्चला उरलेला पैसा गेलाच. तसं नाही. काम 'चालू प्रकल्प' म्हणून कंपनीच्या मंडळाने मंजूर केलेलं असेल, तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवता येते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. म्हणजे एप्रिल-मेमध्ये शेततळं खोदायला कायदा आडवा येत नाही. प्रकल्प सुरुवातीला बहुवार्षिक म्हणून मंजूर नसला, तरी मंडळ योग्य कारण देऊन त्याची मुदत वाढवू शकतं, पण सुरुवातीलाच तसा मांडलेला असला तर सोपं जातं. हे प्रस्ताव लिहितानाच बोलायला हवं. मार्चपर्यंत थांबू नये.

दुसरा गैरसमज पाच टक्क्यांचा. 2021 च्या नियमांत प्रशासकीय खर्चावर 5 टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने 2021 मध्येच प्रश्नोत्तरांच्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे. तरी अनेक ठिकाणी हीच मर्यादा संस्थेला लावली जाते. मग लेखापालाचा पगार कुठून द्यायचा, मोटारसायकलचं पेट्रोल कुठून, ऑफिसचं भाडं कुठून? संस्था मग हे खर्च दुसऱ्या नावाखाली दाखवायला शिकते. बघा, इथे नात्यात पहिलं खोटं शिरतं. आणि एकदा पेट्रोलबद्दल खोटं लिहायची सवय लागली की शिलाई मशीनबद्दल खरं लिहिणं अवघड जातं.

परदेशी देणग्यांचंही एक सांगून पुढे जाऊ. सप्टेंबर 2020 मध्ये एफसीआरए कायद्यात बदल झाला. परदेशी निधी घेणारी संस्था आता तो निधी दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. आधी मोठी संस्था झरी-जामणीच्या लहान संस्थेला पैसा आणि अनुभव दोन्ही देत असे. पैशाची ती वाट बंद झाली. अनुभव देण्याची वाट मात्र कुठल्याही कायद्याने बंद केलेली नाही, हे विसरू नये.

काय मोजायचं?

या जिल्ह्यातल्या संस्थांना हमखास विचारला जाणारा प्रश्न असा, "तुमच्या कामामुळे किती आत्महत्या कमी झाल्या?"

प्रश्न मनापासून असतो. पण त्याचं प्रामाणिक उत्तर देता येत नाही. संस्था काम करते वीस-तीस गावांत. तिथे एखाद्या वर्षी दोन घटना घडल्या, पुढच्या वर्षी एक, त्याच्या पुढच्या वर्षी तीन. या आकड्यांवरून काम यशस्वी की अयशस्वी, काहीच म्हणता येत नाही. एवढ्या लहान संख्येत चढउतार होतातच. त्यात त्या वर्षीचा पाऊस, कापसाचा भाव, 2017 सारखी गुलाबी बोंडअळी, हे सगळं येतं. शिवाय सरकारी नोंदीत प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे मदतीच्या नियमांवरून ठरतं. पात्र ठरलं तर कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते. म्हणजे तो आकडा दुःख मोजायला तयार केलेला नाही. तरी संस्थेवर दबाव आला की ती "आमच्या गावांत शून्य आत्महत्या" असं लिहून मोकळी होते. पुढच्या वर्षी एखादी दुर्दैवी घटना घडली, तर तिच्याबद्दल बोलायला संस्थेलाच संकोच वाटतो. ज्या घराजवळ सगळ्यात आधी जायला हवं, त्या घरापासून आपण लांब राहतो. चुकीचा आकडा मागितल्याची किंमत अशी ते घर भरतं.

यातून वाट काढल्याचं चांगलं उदाहरण शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. 'संगाथ' या संस्थेने टाटा ट्रस्टच्या मदतीने 30 गावांत 'विश्राम' नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम चालवला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण दिलं, नैराश्य ओळखणं, धीर देणं, गरज पडली तर डॉक्टरकडे पोहोचवणं. त्यांनी मुख्य मोजमाप ठेवलं ते असं, की नैराश्य असलेल्या शंभर जणांपैकी किती जण मदत घ्यायला पोहोचतात? सुरुवातीला हे प्रमाण 4.3 टक्के होतं, दीड वर्षात ते 27.2 टक्के झालं. 2017 मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं.

आम्हाला या उदाहरणात दोन गोष्टी आवडतात. एक, त्यांनी असं मोजलं की जे त्यांच्या हातात होतं, ज्यावरून काम सुधारता येतं. दुसरी, या अभ्यासाला मर्यादा आहे. कार्यक्रम नसलेल्या गावांशी तुलना नव्हती, आधी आणि नंतर एवढीच पाहणी होती. तसं असूनही, किंवा तसं उघड सांगितल्यामुळेच, पुढच्या माणसाला त्यातून शिकता येतं. पैसा देणाऱ्यांनी असे अभ्यास छापू देणं, त्यातली कमी बाजू झाकायला न सांगणं, ही मोठी मदत आहे.

एकत्र येण्याचे दोन नमुने

एकत्र काम करणं म्हणजे एका बॅनरवर पाच बोधचिन्हं छापणं नव्हे. दोन नमुने थोडक्यात बघू.

पहिला 'केम', म्हणजे समन्वयित कृषी विकास प्रकल्प. 2009 मध्ये सुरू होऊन 2018 मध्ये संपला. त्याच सहा जिल्ह्यांत, 1,204 गावांत. पैसा तिघांचा, राज्य सरकार, संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी म्हणजे इफाड, आणि सर रतन टाटा ट्रस्ट. ट्रस्टच्या बाजूचं काम 'सुखी बळीराजा' नावाने ओळखलं गेलं. महिला बचत गटांची बाजू 'माविम'कडे होती. अशा प्रकल्पात तिघांच्या पैसे देण्याच्या रीती वेगळ्या असतात. सरकारचा पैसा कोषागारातून, ट्रस्टचा संस्थेला अनुदान म्हणून, इफाडचा कर्ज म्हणून. गावातल्या कार्यकर्त्याला मात्र एकच शेतकरी दिसतो. म्हणून समन्वयाचा खरा अर्थ असा, की एका शेतकऱ्याला तीन फॉर्म भरावे लागू नयेत.

इफाडची एक पद्धत मात्र शिकण्यासारखी आहे. त्यांचं पथक नियमित येऊन आढावा घेतं, कामाला 1 ते 6 असे गुण देतं, अर्ध्या वाटेवर मध्यावधी आढावा होतो, शेवटी समाप्ती अहवाल होतो, आणि हे अहवाल जाहीर होतात. कमी गुण मिळाले तरी तेही लोकांना दिसतात. आपल्याकडे किती ट्रस्ट आणि कंपन्या कमी गुणांचा अहवाल लोकांसमोर ठेवतात? माविमच्या लोकसंचालित साधन केंद्रांचा विचारही याच रांगेतला. बचत गटांनीच सेवाशुल्क देऊन केंद्र चालवायचं, म्हणजे बाहेरचा पैसा संपला तरी हिशेब विचारणारी माणसं गावातच राहतात.

दुसरा नमुना पानी फाउंडेशनच्या वॉटर कपचा. 2016 मध्ये तीन तालुक्यांत सुरू झाला, 2017 मध्ये 30 तालुक्यांत गेला, त्यात यवतमाळचे काही तालुकेही होते. पंचेचाळीस दिवस, श्रमदान, आणि गुण. पैसा थेट गावाच्या हातात दिला नाही, आधी प्रशिक्षण दिलं. कुठल्या कामाला किती गुण हे सगळ्यांना आधीच माहीत. भारतीय जैन संघटनेसारख्यांनी यंत्रं पुरवली, डिझेलसाठी गावाने आणि शासनाने हात लावला. इथे सहकार्य का जमलं? प्रत्येकाने काय आणायचं हे आधी ठरलेलं होतं, आणि वेळ पावसाआधीची निवडली होती. मर्यादाही आहे. स्पर्धेत गावातला जोर एका हंगामाचा असतो. पुढच्या वर्षी गाळ कोण काढणार, आणि अडवलेलं पाणी कुणाच्या मोटरने कुणाच्या शेतात जाणार, हे प्रश्न गुणपत्रिकेबाहेर उरतात. ते सोडवायला गावात टिकून राहणारी संस्था लागते.

मग करायचं काय?

शिलाई मशीनच्या प्रकरणानंतर आम्ही आमच्या कामात काही बदल केले. मोठे नाहीत, पण उपयोगी पडले.

एक. प्रत्येक अहवालात "काय जमलं नाही आणि त्यावरून आम्ही काय बदलतो आहोत" हा रकाना सक्तीचा. तो रिकामा असेल तर अहवाल अपुरा समजायचा. आणि पैसा देणाऱ्याने करारातच लिहून द्यायचं, की या रकान्यामुळे हप्ता थांबणार नाही. हे दुसरं वाक्य नसेल तर पहिल्याला अर्थ नाही. कॅनडातली 'इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स' ही संस्था 2008 पासून दरवर्षी आपल्या अपयशांचा अहवाल काढू लागली, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. आपल्याला तेवढं मोठं करायची गरज नाही. एक रकाना पुरे.

दोन. कार्यकर्त्याचा अहवाल मराठीत, त्याच्याच शब्दांत. इंग्रजी हवं असेल तर भाषांतराचा खर्च देणाऱ्याने उचलावा, आणि मूळ मराठी पान सोबत जोडावं. बोलून नोंदवलेला दोन मिनिटांचा निरोपही चालतो.

तीन. वर्षातून एक बैठक मे महिन्यात, लागवडीच्या आधी, गावातच. त्यात देणारे, करणारे आणि गावकरी तिघंही. बॅनर नाही, हार-तुरे नाहीत. गेल्या वर्षीचा अहवाल गावाला वाचून दाखवायचा. आम्ही पहिल्यांदा असा वाचून दाखवला तेव्हा एक म्हातारे बाबा म्हणाले, "हे आमच्याच गावाचं हाय का?" त्या एका वाक्याने आमचा पुढचा अहवाल बदलला.

चार. बजेटचा एक छोटा भाग मोकळा ठेवायचा, ज्याचं काम मध्यावर ठरेल. पंचवीस मशीनऐवजी आधी पाच दिल्या असत्या आणि बाकीचे पैसे मोकळे असते, तर उरलेल्या वीस जणींसाठी शेळ्या, किराणा दुकान, की मुलांची शाळेची फी, हे त्यांनीच सांगितलं असतं.

पाच. संस्थेने संस्थेशी बोलायचं. निधीसाठी आपण एकमेकांचे स्पर्धक असतो, मान्य. पण घाटंजीत जे फसलं ते उमरखेडमध्ये पुन्हा करण्यात कुणाचा फायदा?

शेवटी त्या ताईंबद्दल सांगतो. आम्ही मशीनबद्दलचं खरं लिहून पाठवलं, उशिरा का होईना. देणगीदार रागावले, आणि महिनाभराने स्वतः आले. ताईंच्या ओट्यावर बसले. त्यांनी विचारलं, "काय हवं होतं तुम्हाला?" ताई म्हणाल्या, "वावर माह्या नावावर करून द्या." सासऱ्यांच्या नावावर असलेल्या सातबाऱ्यात वारस म्हणून नाव लागलं नव्हतं, म्हणून पीककर्ज मिळत नव्हतं. त्याला मशीनपेक्षा कमी पैसे लागणार होते. तलाठी कार्यालयाच्या फेऱ्या, कागद आणि सोबत चालणारं माणूस, एवढंच. हे काम सहा महिन्यांनी झालं. तेच पहिल्या महिन्यात होऊ शकलं असतं.

निवडक प्रश्नोत्तरे

*प्रश्न : आम्ही लहान संस्था आहोत. खरं लिहिलं आणि निधी गेला तर?*

जाऊ शकतो, हे नाकारत नाही. आमचा अनुभव असा, की वाईट बातमी अहवालात पहिल्यांदा कळली तर देणारा बिथरतो. आधी फोन करा, मग लिहा. आणि अडचणीसोबत तुमचा पुढचा विचारही सांगा. तरीही निधी गेला, तर तो देणारा पुढच्या वर्षीही टिकला नसता, असं आम्ही स्वतःला सांगतो. मात्र हे सांगणं सोपं आहे आणि पगार थकलेले असताना जगणं कठीण आहे, म्हणून पहिलं पाऊल देणाऱ्यानेच टाकायला हवं, असं आमचं मत आहे.

*प्रश्न : मी एका कंपनीच्या सीएसआर विभागात आहे. मंडळाला आकडे लागतात. 'पण' घेऊन मी त्यांच्यासमोर कसा जाऊ?*

आकडे न्याच. प्रत्येक आकड्याखाली एक ओळ न्या, गावातली, मराठीत. कायद्यानेच मोठ्या प्रकल्पांना परिणाम-मूल्यमापन सांगितलं आहे. ज्या कंपनीची सीएसआरची रक्कम तीन वर्षांच्या सरासरीने 10 कोटी किंवा जास्त आहे, तिच्या 1 कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांना ते लागू आहे. ते काम संपल्यावर होतं. तुम्ही मंडळाला म्हणा, काम संपल्यावर कळण्यापेक्षा मध्येच कळलं तर आपलेच पैसे वाचतात. ही भाषा त्यांना समजते.

*प्रश्न : गावकऱ्यांना विचारलं की ते वस्तूच मागतात. मग?*

कारण आजवर आपण वस्तूच देत आलो. गाडी गावात आली की काहीतरी वाटप असणार, हे गाव शिकलं आहे. म्हणजे गावही आपल्याकडून शिकतं बघा! पहिल्या बैठकीत वस्तूच मागतील. दुसऱ्या बैठकीलाही जा, रिकाम्या हाताने. तिसऱ्या बैठकीला कुणीतरी सातबाऱ्याबद्दल बोलेल. तोपर्यंत थांबायची तयारी देणाऱ्याच्या वेळापत्रकात असली पाहिजे.